सायकलच्या 'कस्टम इनसोल'मध्ये माझे २२,००० रुपये गेले, नाशिककरांनो हे वाचा

आधी आकडा लिहिते, कारण विचारणारे सगळे तोच विचारतात. असेसमेंट १,५००. इनसोलचा, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायच्या पॅडचा जोड १४,८००, त्यातले ८,००० ॲडव्हान्स. क्लीटखाली (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लावायच्या वेजेस, म्हणजे पाचरी, आणि फिटिंग २,२००. नंतर पायाची बोटं जास्तच बधिर व्हायला लागली तेव्हा 'करेक्शन'चे वर ३,५००. सगळे मिळून २२,००० रुपये, आणि हातात पक्कं बिल एकही नाही, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेलं एस्टिमेट तेवढं आहे.

हे लिहायला मला खूप लाज वाटलीय. घरी नवऱ्याला पूर्ण आकडा बरेच दिवस सांगितला नव्हता. पण परवा आमच्या सायकलच्या ग्रुपवरच्या एका मुलीने विचारलं की 'ताई, तुम्ही इनसोल कुठून केले, मला पण ३०० किमीच्या राइडआधी करायचेत' आणि मग राहवेना.

नाशकात सायकलचं वातावरण कसं आहे ते तुम्हाला माहितीये. २०१५ ला इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून इथे डॉक्टर काय, शिक्षक काय, दुकानदार काय, सगळे पहाटे त्र्यंबक रोडला नाहीतर गंगापूर धरणाकडे दिसतात. मी पण त्यातलीच. २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड, साडेतेरा तासांच्या आत झाली होती, ३०० ला वीस तास मिळतात, त्याची तयारी चालू होती. अडचण एकच, साठ-सत्तर किमी झाले की उजव्या पायाचा चवडा भाजल्यासारखा व्हायचा आणि मधली दोन बोटं बधिर. हे खूप जणांना होतं, लाजेने कोणी बोलत नाही. मी ग्रुपवर विचारलं आणि तासाभरात तीन जणांनी इनसोल करून देणाऱ्या एकाच 'सरां'चं नाव पाठवलं. प्रत्येक रेफरलमागे त्यांना २,००० ची सूट मिळत होती हे मला फार नंतर कळलं. तिघांपैकी एकाने तरी हे आधी सांगायला काय हरकत होती?

दुकान म्हणाल तर एकदम चकाचक. काचेवर पाय ठेवायचा, खालून प्रकाश, समोर स्क्रीनवर तळव्याचा लाल-पिवळा नकाशा. भिंतीवर 'महाराष्ट्र शासन' असं ठळक छापलेला कागद फ्रेम करून लावलेला. तो कागद म्हणजे शॉप ॲक्टची पोच होती! २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना दिली की ती पोच मिळते, वडापावच्या दुकानालाही तीच मिळते, त्याचा पायाच्या शिक्षणाशी काडीचा संबंध नाही. पायाचे इनसोल, स्प्लिंट, कॅलिपर हे करणाऱ्यांचं शिक्षण वेगळं असतं, प्रॉस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स, मुंबईत हाजी अलीच्या सरकारी संस्थेत शिकवतात, आणि पास झाल्यावर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी होते, त्याचा नंबर असतो. तो नंबर मागा. तोंडावर मागा. ज्याच्याकडे असतो त्याला राग येत नाही.

आता तो क्षण. हा मी रोज आठवते आणि रोज जळते.

पद्धत अशी की तुमची सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच चालवायच्या स्टँडवर लावायची, मागचं चाक रोलरवर टेकवायचं, पाच मिनिटं स्थिर पेडल मारायचं, वॅट, म्हणजे आपण लावतो ती ताकद, बघायचे, मग 'सरां'चे 'डेमो' इनसोल बुटात घालून परत पाच मिनिटं. पहिल्या वेळी १४२ वॅट. मग मी खाली उतरून बूट काढत होते, पाणी पीत होते, तेवढ्यात तो मागच्या चाकाशी वाकला आणि रोलरचा नॉब फिरवला. मी बघितलं! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि विचारलं सुद्धा, की हे काय करताय. म्हणाला, 'टायर गरम झालाय मॅडम, असाच घासला तर झिजेल, जरा मोकळा करतो.' मी म्हटलं मग रीडिंग बदलणार नाही का, तर म्हणाला ॲप आपोआप ॲडजस्ट करतं. आणि दुसऱ्या टेस्टला १५४ वॅट. 'साडेआठ टक्के एफिशियन्सी वाढली बघा, आणि पेडल पण हलकं लागतंय ना?' लागत होतं हो हलकं! तेच तर सगळ्यात वाईट आहे, मला खरंच हलकं लागत होतं.

लागणारच. त्या स्वस्तातल्या ट्रेनरमध्ये पेडलवरचा जोर मोजणारं काही नसतं. रोलर किती वेगाने फिरतोय त्यावरून ॲप वॅटचा अंदाज काढतं, आणि तो अंदाज टायर ठरावीक दाबाने रोलरवर बसलाय असं धरून असतो. नॉब सैल केला की टायरचं घासणं कमी, तेवढ्याच जोरात चाक जास्त पळतं, आणि स्क्रीनवर वॅट वाढतात. म्हणून तर टायरची हवा किंवा रोलरचा दाब बदलला की स्पिन-डाउन कॅलिब्रेशन करायचं असतं, म्हणजे चाक वेगात आणून पाय थांबवायचे आणि ते किती वेळात थांबतं ते ॲपला मोजू द्यायचं. ते त्याने केलंच नाही. माझ्या घड्याळात सगळं रेकॉर्ड आहे, गिअर तोच, हार्ट रेट दोन्ही वेळा १५० च्या आसपास, कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, मात्र ७८ वरून ८४. इनसोलने असं होत नसतं, रोलर सैल केल्यानेच होतं.

आता कोणी म्हणेल की एवढं माहिती होतं तर पैसे का दिले. तेव्हा नव्हतं माहिती! मी सायकल चालवते, ट्रेनर विकत नाही. समोर स्क्रीन, पांढरा कोट, शिफारस करणारे ओळखीचे लोक, पाय दुखतोय, महिन्यावर राइड आलेली, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला पटेल असं उत्तर मिळतंय. मी तरी प्रश्न विचारला होता. माझ्यानंतर गेलेल्या दोघांनी तर नॉब बघितला पण नाही, त्यात एक इंजिनिअर आहे.

आणि साडेआठ टक्के हा आकडाच बघा. पेडल मारताना शरीर जाळतं त्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते, आणि हे स्नायूंच्या आत ठरतं, बुटातल्या फोमने नाही. चांगल्या इनसोलने दाब पसरतो, पाय बुटात हलत नाही, काहींचा गुडघा आत झुकायचा कमी होतो, लांबच्या राइडला आराम मिळतो. हे खरं आहे आणि ज्याला गरज आहे त्याने जरूर करावं. पण वॅट वाढतात याचा धड पुरावा कुठेही नाही. जो कोणी पहिल्याच भेटीत वॅट दाखवतो त्याच्याकडून उठून या.

इनसोल आले तेव्हा दिसायला झकास, काळं कापड, वर माझ्या नावाची अक्षरं. पहिल्याच लांब राइडला, वणीच्या रस्त्यावर, बोटं चाळीस किमीलाच गेली. फोन केला तर म्हणे पाय ॲडॉप्ट होतोय. मग ३,५०० चं करेक्शन, म्हणजे काय तर चवड्याखाली आणखी एक स्पंजची गोळी चिकटवली. त्यानंतर ओझरच्या पुढे मला सायकलवरून उतरून बूट काढून रस्त्याकडेला बसावं लागलं. घामाने कापडाची कड सुटली होती ती तिथेच ओढून काढली, तर खाली साच्यातून निघालेला तयार तुकडा आणि त्यावर छापलेलं ४०-४१. दोन्ही पायांना अगदी तोच, नुसता उलटा. माझा डावा पाय उजव्यापेक्षा लहान आहे, त्याच्याच स्कॅनमध्ये तो लहान दिसत होता! तसलाच जोड मेन रोडच्या दुकानात ३५० ला मिळाला, दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढलेत.

नंतर एका नोंदणी असलेल्या ऑर्थोटिस्ट ताईंकडे गेले, फी ६०० रुपये. त्यांनी पाय बघितला, बूट बघितला, आणि म्हणाल्या तुमची कमान चांगली आहे, चवडा रुंद आहे आणि बूट अरुंद, वर क्लीट एकदम पुढे बसवलीय म्हणून सगळा जोर बोटांच्या मुळाशी येतोय. त्या स्पंजच्या गोळीबद्दल तर डोक्याला हात लावला. तो पॅड चवड्याच्या हाडांच्या मागे, कमानीकडच्या बाजूला बसतो, म्हणजे हाडं जरा फाकतात आणि मधल्या नसा मोकळ्या होतात, याने तो बरोबर हाडांखाली लावला होता, म्हणजे नस अजूनच दाबली जात होती. त्यांनी हेही सांगितलं की सायकलच्या बुटातला इनसोल चालण्याच्या इनसोलसारखा जाड करून चालतच नाही, आत जागाच नसते, पाय वर उचलला जातो आणि बोटं वरच्या बाजूला घट्ट बसतात. खरा साचा घ्यायचा तर फोमच्या बॉक्समध्ये किंवा प्लास्टरने प्रत्येक पायाचा वेगळा घेतात, कडक भाग चवड्याच्या मागेच संपवतात, आणि बूट सोबत आणायला सांगतात. मापं घेताना माझा बूट 'सरां'नी हातात पण घेतला नव्हता, हे पण लक्षात ठेवा. क्लीट ६ मिमी मागे घेतली, सीट किंचित खाली, बूट रुंद घेतला. आता बोटं बधिर होत नाहीत.

पैसे परत मागायला गेले तर आधी म्हणाला कस्टम वस्तू परत घेत नाही. मग फोन उचलणं बंद. मग दुकानावरची पाटी गेली.

आता पुढचं. पोलीस चौकीत गेले तर 'ताई, वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? सिव्हिल मॅटर आहे.' भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे मग? खोटं दाखवून, त्यावर विश्वास ठेवायला लावून पैसे काढून घेतले, अजून काय व्हायला पाहिजे? मी घड्याळाचं रेकॉर्ड दाखवलं, कापलेला इनसोल टेबलावर ठेवला, तर साहेब म्हणे हे पायपुसणं उचला इथून. शब्द जसेच्या तसे लिहिलेत. दुसरीकडे पाठवलं, सायबरवाले म्हणे पैसे समोरासमोर दिलेत, हे आमच्यात येत नाही. बँक म्हणे ट्रान्झॅक्शन तुम्हीच केलंय, सक्सेसफुल आहे, आम्ही काही करू शकत नाही. ज्या खात्यावर यूपीआय केलं ते दुकानाच्या नावाचं नव्हतंच, कुणातरी बाईच्या नावाचं होतं, ती कोण हे विचारलं तर प्रायव्हसी. माझे पैसे घेतले तिची प्रायव्हसी आणि माझं काय? महापालिकेत गेले, ते म्हणे शॉप ॲक्ट कामगार कार्यालयाकडे. तिथे गेले, ते म्हणे आम्ही फक्त नोंद घेतो, कोण काय विकतो ते बघत नाही. एका पोर्टलवर तक्रार टाकली ती 'रिझॉल्व्ड' म्हणून बंद झाली, कोणाचा एक फोन नाही, परत उघडायचं बटण नाही. अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून ही सगळी टेबलं फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी एकच भाव, की सायकलच्या बुटात घालायला बावीस हजार देणारी बाई, हिचं काय मनावर घ्यायचं. माझे कष्टाचे पैसे आहेत, मी ते कशावर खर्च करते यावरून मला न्याय मिळायचा की नाही हे ठरणार का?

आणि आपला ग्रुप! मी पहिली पोस्ट टाकली ती ॲडमिनने काढली, 'पर्सनल वाद इथे नकोत' म्हणून. रेफरल चालते, तक्रार चालत नाही.

ज्यांना अजून असल्या कुणाकडे जायचंय त्यांनी टेस्टआधी आपला पंप नेऊन टायरची हवा बघा आणि नॉबला हात लावू देऊ नका, लावला तर पुन्हा कॅलिब्रेट करायला लावा. त्याहून चांगलं म्हणजे कुणाची तरी पॉवर मीटरवाली सायकल न्या, ते क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) नाहीतर पेडलवर मोजतं त्याला रोलरशी देणंघेणं नाही. यूपीआय करताना नाव वाचा, दुकानाचं नसेल तर थांबा. जीएसटी नंबर असलेलं बिल नाही तर ॲडव्हान्स नाही. पोलिसांकडे तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मी पहिल्या वेळी तोंडी बोलले आणि ती फेरी फुकट गेली. इनसोल फेकू नका, फाटलेला असला तरी.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. एकाच माणसाने एकाच पद्धतीने फसवलेले अनेक जण आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात, २०१९ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. माझ्यासकट पाच जण तयार आहेत. अजून कोणी त्या दुकानात पैसे दिले असतील तर यूपीआयचा स्क्रीनशॉट, एस्टिमेटचं कार्ड, टेस्टच्या दिवशीची घड्याळाची फाइल, जे असेल ते काढून ठेवा आणि मला सांगा. इनसोलचं वरचं कापड मात्र घरी फाडू नका, सगळ्यांचे एकत्रच उघडायचे आणि व्हिडिओ करायचा असं ठरलंय.