क्वार्टर रिपीटर घ्यावा की मिनिट रिपीटर?

सोन्याचं जुनं स्विस खिशातलं घड्याळ, आणि तेही वाजणारं, घ्यायचं ठरलं की पहिला पेच हाच. दोन्हींच्या कडेला सरकपट्टी असते. ती ओढून सोडली की आतल्या हातोड्या पोलादी तारांच्या गाँगवर वेळ वाजवून सांगतात. विजेचे दिवे नव्हते तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या किती वाजले ते कळावं, म्हणून हा खटाटोप.

क्वार्टर रिपीटर बराचसा आपल्यासारखाच बोलतो. सव्वानऊला नऊ ठोके आणि एक जोडठोका, साडेनऊला दोन. फक्त ‘पावणे’ त्याला येत नाही. पावणेदहाला तो नऊ ठोके आणि तीन जोडठोके देतो. पण ९:४६ असो की ९:५९, ऐकू येतं तेच. मिनिट रिपीटर ९:५० ला वर आणखी पाच ठोके देतो. त्याची सगळ्यात लांब तान १२:५९ ला: बारा, तीन जोडठोके आणि शेवटी चौदा.

या चौदा ठोक्यांचीच किंमत मोजावी लागते. किती ठोके पडायचे ते आतल्या चकतीच्या पायऱ्या ठरवतात. पाव तासांसाठी चार पायऱ्यांची एक चकती पुरते. मिनिटांच्या चकतीला चार फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर चौदा बारीक पायऱ्या. त्या झिजल्या की घड्याळ वाजतं, पण खोटं. सुटा भाग बाजारात मिळत नाही, कारागिराला हाताने घडवावा लागतो. म्हणून दमलेल्या मिनिट रिपीटरपेक्षा त्याच पैशांत धडधाकट क्वार्टर मी डोळे मिटून घेईन. मिनिट रिपीटर घेणारच असाल तर १२:५९ ला लावून ऐका. चौदाही ठोके सारख्या अंतराने पडले पाहिजेत. शेवटी रेंगाळला तर निदान तेल सुकलंय. क्वार्टरला २:५९ आणि ३:०१ ला तपासा: आधी दोन ठोके आणि तीन जोडठोके, मग नुसते तीन ठोके. वाजत असताना काटे मात्र फिरवू नका, दोन्हींत.

नावाचं म्हणाल तर पाटेक फिलिप या नामांकित स्विस कंपनीची सही आली की भाव उडी मारतो. पण स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले द जू खोऱ्यातले कारागीर कितीतरी कंपन्यांना कच्ची यंत्रं पुरवत. सही नसलेल्या घड्याळातही उत्तम यंत्र सापडतं ते त्यामुळे.

सोन्याच्या वजनाला भुलू नका. १८ कॅरेटच्या स्विस डबीवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या आवरणावर, १८८० च्या दशकापासून हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, मुंडकं ठोकलेलं दिसतं, १४ कॅरेटवर खार. पण आतलं झाकण पुष्कळदा साध्या धातूचं, मुलामा दिलेलं असतं, तेही तराजूत सोन्याबरोबर मोजलं जातं. उलट, सोनं महागलं तेव्हा कित्येक डब्या वितळवल्या गेल्या आणि यंत्रं दुसऱ्या डबीत बसवली गेली. सरकपट्टीची खाच नीट जुळते का, डबीत जादा स्क्रूच्या खुणा आहेत का, हे भिंगातून पाहा.

भारतात घेत असाल तर एवढं ध्यानात असू द्या, शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. परदेशातल्या लेकीला भेट द्यायची असेल तर तिकडेच विकत घ्या.