आल्काँचं पियानो संगीत: आठ महिने ऐकून आणि वाजवून

शार्ल-वालांतँ आल्काँ (१८१३-१८८८) या फ्रेंच पियानोवादक-संगीतकाराचं नाव आठ महिन्यांपूर्वी मी ऐकलंही नव्हतं. शोपँ, लिस्ट इतकी वर्षं ऐकतोय आणि पॅरिसमध्ये शोपँच्या शेजारी राहणारा हा माणूस कुणी सांगितलाच नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

सुरुवात केली सोलो पियानोच्या कॉन्चेर्टोपासून, पियानोवादक मार्क-आंद्रे हॅमलिनचं रेकॉर्डिंग. कॉन्चेर्टो म्हणजे एरवी एक वादक आणि ऑर्केस्ट्रा; इथे ऑर्केस्ट्रा नाहीच, दोन्ही बाजू एकट्या पियानोवर, १८५७ च्या ओपस ३९ (ओपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) मधले आठ ते दहा नंबरचे एट्यूड, म्हणजे तंत्राचा कस लावणाऱ्या रचना, मिळून हा कॉन्चेर्टो होतो. पहिलाच भाग अर्ध्या तासाच्या आसपास, तेराशेच्या वर बार (नोटेशनमधले तालाचे छोटे भाग)! दोनदा अर्ध्यात सोडला, नुसता सुरांचा लोंढा वाटला. मग नोटेशन उघडून बसलो, त्यात कुठे ‘टुटी’ (सगळा ऑर्केस्ट्रा) कुठे ‘सोलो’ (एकटा वादक) असं छापलेलं आहे, ते बघत ऐकल्यावर कळलं की इथे ऑर्केस्ट्रा थांबला आणि इथे वादक आत आला, आणि तिथून मी त्यात पार अडकलो. त्याच ओपसमधली ‘ईसापची मेजवानी’ पण ऐकाच, आठ बारची छोटीशी थीम आणि तिची २५ रूपं.

पण रोज वाजवावंसं वाटतं ते वेगळंच. १८४७ चे ओपस ३१ चे प्रेल्यूड (छोट्या स्वतंत्र रचना), त्यातला आठवा, ‘समुद्रकाठच्या वेडीचं गाणं’. डावा हात अगदी खाली खर्जात, जवळजवळचे सूर एकत्र दाबत लाटांसारखा हलतो, उजवा कुठेतरी वर एकटा गातोय आणि मधली जागा जवळपास रिकामी. ती रिकामी जागाच अंगावर येते. सातही सूर फ्लॅट, म्हणजे अर्ध्या सुराने खाली आहेत, पहिले दोन आठवडे मी सारखा चुकत होतो. शिवाय माझ्या डिजिटल पियानोच्या स्पीकरवर खालचे सूर गढूळ व्हायचे, हेडफोन लावले आणि प्रत्येक कॉर्डला पेडल अर्धंच सोडायला शिकलो तेव्हा कुठे लाट वेगळी आणि गाणं वेगळं ऐकू आलं. त्या रात्री तोच एक तुकडा कितीतरी वेळा वाजवला.

१८६१ चे ‘एस्किस’ (छोटी रेखाटनं) तर नवशिक्यांनी आधी घ्यावेत, बरेचसे एक-दोन पानांचे, त्यातल्या ‘छोट्या भुतां’मध्ये शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबायच्यात, त्या काळात!

सगळंच आवडलं असं नाही. ‘रेल्वे’ (१८४४) हा त्याचा तुकडा चार वेळा ऐकला, पुरे झाला. आणि काम करताना मागे लावून ठेवायला हे संगीत बिलकुल नाही, लक्ष मागतं.

एक राग आहे. जिथे बघावं तिथे आल्काँ पुस्तकांचं कपाट अंगावर पडून मेला ही गोष्ट, जी खरी नाही. त्यापेक्षा १८४८ मध्ये काँझरव्हाटॉर या पॅरिसच्या संगीत विद्यालयातली पियानो शिकवण्याची जागा त्याच्याऐवजी मार्मोंतेलला गेली, नंतर हा माणूस कितीतरी वर्षं स्टेजपासून लांब राहिला आणि १८७३ मध्ये एरार्ड या पियानो बनवणाऱ्या कंपनीच्या हॉलमध्ये परत वाजवायला बसला, हे सांगा ना. आता पियानोवादक रोनाल्ड स्मिथची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकतोय, तोच कॉन्चेर्टो.