कोरोनाच्या साथीतलं मतदान: ऐंशीच्या पुढच्यांनी घरी करावं की केंद्रावर?

आमच्या घरात दोन्ही झालं. 17 एप्रिल 2021 च्या पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीत दादांनी (वय 84) 12-डचा अर्ज भरून घरूनच टपाली मत दिलं आणि मी (81) शाळेतल्या केंद्रावर जाऊन आलो. तेव्हा ही घरून मतदानाची सोय ऐंशीच्या पुढच्यांना होती; 2024 पासून वयाची अट 85 झाली आहे. दोघांनीही लशीचा पहिला डोस घेतलेला होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अशा साथीच्या दिवसांत रांगेत उभं करायचं की नाही, हा घोर ज्यांना लागलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

केंद्रावर जायला सुरुवातीला माझाही विरोधच होता. एप्रिलची ती लाट आठवा. रोज कुणाची तरी बातमी यायची. अशात हजारभर माणसांनी हात लावलेलं बटण दाबायला जायचं, हे कुणालाही पटणार नाही. सूनबाईचं तर स्पष्ट म्हणणं होतं, दोघांचेही अर्ज भरून टाकू.

अडचण अशी की हा निर्णय फार आधी घ्यावा लागतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. आमच्याकडे ती 23 मार्चला निघाली, म्हणजे अर्जाची मुदत मतदानाच्या जवळजवळ तीन आठवडे आधीच संपली. तोवर लाट कुठे जाईल हे कुणाला ठाऊक? आणि अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) अशी खूण पडते. मग केंद्रावर गेलात तरी मत देता येत नाही. मत घ्यायला घरी येणारं पथक येईल तेव्हा तुम्ही नसलात तर ते आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही. मी अर्ज भरला नाही तो एवढ्यासाठीच. तेव्हा ती हुरहुरच होती. खरं कारण दादांच्या मतदानाच्या दिवशी कळलं.

पथक वेळेवर आलं, वागायला अतिशय नम्र. पण ते पथक होतं! दोन मतदान अधिकारी, व्हिडिओ काढणारा, पोलीस, शिवाय उमेदवारांचे दोन प्रतिनिधी. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या, आणि आमच्या माजघरात सगळे मिळून आठ माणसं. प्रतिज्ञापत्रावर सही, ती साक्षांकित करणं, दादांनी आडोशाला जाऊन मतपत्रिकेवर खूण करणं, एक पाकीट बंद करून दुसऱ्यात घालणं, या सगळ्याला पाऊण तास तरी लागला असेल. आमच्याआधी ते किती घरांत जाऊन आले होते आणि आमच्यानंतर किती घरांत जाणार होते, हे मी मोजत बसलो. दादांना ऐकू कमी येतं, म्हणून प्रत्येकाला मास्कमधून मोठ्यानं बोलावं लागत होतं. हा विषाणू हवेतूनही पसरतो, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मग ज्या माणसाला गर्दीपासून जपायचं, त्याच्याच बंद खोलीत आपण गर्दी आणली, हे काही केल्या माझ्या मनातून जाईना. कुणाला काही झालं नाही, हे खरं. पण ते आठ-दहा दिवस मी दादांच्या प्रत्येक खोकल्याला कान देऊन होतो.

केंद्रावर मी सकाळी सातलाच गेलो. रांग पटांगणात, आखलेल्या वर्तुळांतून. दारात ताप पाहिला, सॅनिटायझर दिलं, उजव्या हातासाठी मोजा दिला, त्यानंच सही आणि त्यानंच बटण. ओळख पटवताना मास्क क्षणभर खाली करावा लागला, ते मात्र आवडलं नाही. खोलीत मी पाच मिनिटंही नसेन. मत कुणाला पडलं ते चिठ्ठीवर दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे सात सेकंद माझी चिठ्ठी दिसली, आणि घरी पाकीट चिकटवताना दादांना जे समाधान मिळालं नाही ते मला मिळालं.

माझा अनुभव एका सकाळचा आहे, एका केंद्राचा आहे. दुपारी अकराला तिथे काय होतं, मला सांगता येणार नाही. प्रचारसभांमधली गर्दी मात्र मी पाहिली, तिथे निम्मी तोंडं उघडी होती. 26 एप्रिलला मद्रास उच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाला सुनावलं तेही सभांवरूनच. मतदानाची भीती वाटते म्हणणाऱ्यांनी सभेची भीती आधी बाळगावी, असं मला कळकळीनं वाटतं.

अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, जिना उतरवत नसेल, तर प्रश्नच नाही, अर्ज भरा. ही सोय त्यांच्यासाठीच आहे आणि ती असायलाच हवी. पण काठी टेकत का होईना चालता येत असेल, तर मी सकाळी सातची रांग धरीन.

आणि अर्ज भरलाच, तर पथकाला आत घेऊ नका. ओसरीवर, अंगणात खुर्च्या टाका, खिडक्या-दारं सताड उघडी ठेवा, आणि मत देणाऱ्यानं फक्त खूण करण्यापुरतं एकट्यानं आत जावं. आम्हाला हे पथक निघून गेल्यावर सुचलं.