पद्मिनी गरम झाली की बंद पडायची, वागळे इस्टेटच्या मिस्त्रींनी बरोब्बर पकडलं

ज्यांच्याकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आमची १९९४ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, बाबांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होते, आता मी चालवते आणि बाबा शेजारी बसतात.

त्रास असा की सकाळी ठाण्यात चरईतून निघताना चोक ओढला की अर्ध्या सेल्फमध्ये चालू, पण घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडलो की आधी मिसिंग (इंजिन झटके खात चालणं), मग बंद, आणि सेल्फ असा जड फिरायचा की बॅटरीच गेली असं वाटावं. वीस-पंचवीस मिनिटं बोनेट उघडून उभं राहिलं की परत चालू. दीड वर्षात तीन गॅरेजं झाली. एकाने बॅटरी बदलली, एकाने कार्बोरेटर खोलून नवीन किट टाकलं, तिसरा म्हणाला पाइपात पेट्रोलची वाफ धरते, एसी पंपावर (टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप) ओलं फडकं ठेवत जा. फडकं ठेवलं की चालू व्हायची खरी, पण तेवढ्या वेळात ती तशीही थंड होत होतीच ना! आणि तिघांनीही गाडी थंड असतानाच बघितली, हे मला फार उशिरा कळलं. एका ठिकाणी तर मी सगळं सांगत असताना तो बाबांकडेच बघून उत्तरं देत होता, ते अजून मनातून जात नाही.

वागळे इस्टेटमधलं हे गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पाटी नाही. मिस्त्री काकांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींवर काम केलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली आणि तेव्हापासून या गाडीवर हात बसलेला माणूस शोधणंच कठीण झालंय, म्हणून यांचं महत्त्व जास्त. फोनवर पहिलंच वाक्य, "ताई, गाडी थंड करून आणू नका." पोचल्यावर बोनेट बंद ठेवून इंजिन चालू ठेवायला लावलं आणि म्हणाले, पडली की हाक मारा. पस्तीस मिनिटांनी पडली. बाबा आनंदाने ओरडले, "पडली, पडली!"

काका आले, एअर क्लीनर काढून अॅक्सिलरेटर दाबला, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी नीट पडत होती. म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग कॉईलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना ठिणगी वाटतो तो) काढून इंजिनजवळ धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. मी सेल्फ मारला, त्यांनी परत मारला आणि मला वाकून बघायला लावलं, ठिणगी पिवळट, मरतुकडी. दुसरी कॉईल लावून बघितली, तेच. मग कंडेन्सर बदलला आणि टक्क करून निळी ठिणगी. डिस्ट्रिब्युटरमधले पॉईंट (कॉईलचा करंट जोडतात-तोडतात ते) काढून माझ्या तळहातावर ठेवले, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. पॉईंट उघडतात तेव्हाचा करंट कंडेन्सरने झेलायचा असतो, म्हणजे कॉईलचा करंट झटक्यात तुटतो आणि ठिणगी जोरात पडते. तो गरम झाल्यावर मेला की करंट पॉईंटवरच जळत बसतो, तेच दिसत होतं. एवढासा डबीसारखा पार्ट, त्यापायी आम्ही दीड वर्ष रस्त्यावर उभे राहिलो.

जड सेल्फचं कारण वेगळंच निघालं. सेल्फ मारताना त्यांनी माझं बोट चोकच्या केबलवर ठेवलं, केबल गरम! इंजिनपासून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजलेली, म्हणून स्टार्टरचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत येत होता. पट्टी नवी टाकली, खालचा पत्रा घासून चकचकीत केला. बॅटरी उगाचच बदलली होती आम्ही. पेट्रोलचा रबरी पाइपही बदलला, आतून फुगून मऊ पडला होता, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही हे लक्षात ठेवा, फिल्टरमध्ये काळे कण दिसले की पाइप आधी बघा.

तक्रारीही सांगते. दिलेल्या वेळेला काम झालं नाही, दोन दिवस म्हणाले आणि पाच लागले. पण त्यातले दोन दिवस यासाठी गेले की पाकिटातला नवा कंडेन्सर गरम टेस्टमध्ये परत फेल झाला, तेव्हा त्यांनी डब्यातला जुना, चांगला काढून लावला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. बिल वहीच्या कागदावर, एकूण १,८५० रुपये, जुने पार्ट पिशवीत घालून परत. उभं राहायला सावली नाही, वयस्कर माणसाला घेऊन जात असाल तर पाणी आणि छत्री न्या. डेंटिंग-पेंटिंग करत नाहीत, इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाड्यांनाही हात लावत नाहीत.

गेल्या रविवारी गायमुखच्या चढावर सव्वा तास अडकलो होतो. मी मुद्दाम दोनदा बंद करून चालू केली, दोन्ही वेळेला पहिल्याच सेल्फला घेतली. बाबा काही बोलले नाहीत, डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते.

शनिवारी जाऊ नका, गर्दी असते. मंगळवार-बुधवार सकाळी दहाच्या आत जा, आणि गाडी गरम करूनच न्या.