तारखेनुसार फाइली शोधणारी, मोजणारी, उतरवणारी बॅच स्क्रिप्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रभरात सर्व्हरवर येऊन पडलेल्या फाइलींपैकी आदल्या दिवसाच्या तेवढ्या शोधायच्या, मोजायच्या आणि आपल्या फोल्डरमध्ये उतरवायच्या, काम एवढंच. त्यासाठी गेले काही महिने विंडोजची साधी बॅच फाइल (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची यादी) वापरतोय. मत आधीच सांगतो. शोधायला आणि मोजायला बॅच अजूनही झकास आहे, डाउनलोडसाठी तिला सोबत लागते आणि तारखेच्या बाबतीत तिच्यावर काडीचाही भरवसा ठेवू नये.

सगळी डोकेदुखी तारखेचीच. 'डेट' हे आजची तारीख देणारं व्हेरिएबल विंडोजमधलं रीजन (प्रदेशाचं) सेटिंग बघून आपलं रूप बदलतं. एका यंत्रावर दिवस-महिना-वर्ष, दुसऱ्यावर आधी वार, मग महिना, मग दिवस. नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट पहिली सहा अक्षरं सोडून पुढची चार उचलून त्याला 'वर्ष' म्हणतात, त्या दुसऱ्या यंत्रावर तोंडावर आपटतात. यंत्र तेच असलं तरी टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन) काम वेगळ्या खात्याखाली चालत असेल, तर त्या खात्याचं सेटिंग लागू होतं. जुना उतारा म्हणजे डब्ल्यूएमआयसी या यंत्राची माहिती सांगणाऱ्या कमांडकडून सलग आकड्यांत तारीख घेणं. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते मुळातच बंद असतं, त्यामुळे नव्या कामात त्याच्या नादी लागू नका. बॅचमधूनच पॉवरशेलची (विंडोजची नवी स्क्रिप्ट भाषा) एक ओळ चालवून कालची तारीख वर्ष-महिना-दिवस अशा आठ आकड्यांत मागवायची. बॅचला तारखांची वजाबाकी येत नाही, तीही तिथेच परस्पर होऊन येते.

ज्यांना हट्टाने बॅचमध्येच गणित करायचं आहे, त्यांच्यासाठी एक गंमत. 'सेट स्लॅश ए' या गणित करणाऱ्या कमांडला शून्याने सुरू होणारा आकडा दिला की तो अष्टमान (फक्त ० ते ७ आकड्यांच्या) पद्धतीचा समजला जातो. ०१ ते ०७ पर्यंत फरक कळतच नाही. ०८ आणि ०९ मात्र त्या पद्धतीत अस्तित्वातच नाहीत, म्हणून 'इनव्हॅलिड नंबर' असा संदेश येतो. म्हणजे जुलैपर्यंत स्क्रिप्ट महिन्यातले दोन दिवस रुसणार, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोजच, आणि ऑक्टोबर उजाडला की महिन्याचं दुखणं आपोआप बरं! इलाज सोपा आहे: पुढे १ चिकटवायचा आणि १०० वजा करायचे. १०८ मधून १०० गेले, ८ उरले.

शोधण्यासाठी सगळे आधी फोरफाइल्स (तारखेने फाइली वेचणारी कमांड) सुचवतात. जुन्या फाइली वेचायला ते ठीक आहे. डी स्विचला (स्विच म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय) उणे ७ दिलं की सात दिवसांपूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या फाइली मिळतात. मग अधिक ७ दिलं की गेल्या सात दिवसांतल्या मिळतील असं कुणालाही वाटेल, पण ते आजच्या तारखेत सात दिवस मिळवून त्यापुढच्या, म्हणजे भविष्यातल्या फाइली शोधतं. अलीकडच्या हव्या असतील तर पूर्ण तारीख लिहून द्यावी लागते, आणि तीही रीजन सेटिंगच्या साच्यात. शिवाय प्रत्येक फाइलीसाठी कमांडची नवी प्रोसेस उघडते, त्यामुळे फोल्डर मोठा असला की चहा पिऊन या.

माझं काम खरं सोपं केलं ते रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडने. मॅक्सएज आणि मिनएज या दोन स्विचनी तारखेची खालची-वरची हद्द ठरवता येते. १९०० पेक्षा लहान आकडा दिला तर तो दिवस धरला जातो, नाहीतर २०२४०३०५ अशी तारीख, आणि ती कुठल्याही यंत्रावर तशीच वाचली जाते. मला सगळ्यात आवडलेला स्विच म्हणजे एल. तो लावला की प्रत्यक्षात काहीच हलत नाही, नुसती यादी बनते आणि शेवटी तक्ता येतो: टोटल, कॉपीड, स्किप्ड, मिसमॅच, फेल्ड, एक्स्ट्राज. ठिकाण म्हणून रिकामा फोल्डर दिला असेल तर 'कॉपीड'खालचा आकडा हीच आपली मोजणी. तारखेची हद्द बरोबर पडली का, हे बघायला यापेक्षा सुरक्षित वाट मला तरी सापडली नाही.

मात्र दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बदला. फाइल अडकली तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशोब केलात तर एका फाइलीमागे जवळजवळ वर्ष जातं! आर आणि डब्ल्यू स्विच लावून हे आकडे खाली आणा. दुसरं म्हणजे त्याचे एक्झिट कोड, म्हणजे काम कसं संपलं हे सांगणारे आकडे. १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या, पण टास्क शेड्युलरच्या निकालात १ दिसला की बघणाऱ्याला काम फसल्यासारखं वाटतं. खरं अपयश ८ पासून पुढे. स्क्रिप्टच्या शेवटी तेवढी तपासणी करून आपला कोड परत द्यायचा.

एकाच फोल्डरातल्या फाइली नुसत्या मोजायच्या असतील तर एवढा फौजफाटा नको. डिर या यादी देणाऱ्या कमांडला बी आणि ए-उणे-डी लावून ती यादी पाइपमधून (उभ्या रेघेने जोडून) फाइंड या मजकूर शोधणाऱ्या कमांडकडे द्या, फाइंडला सी आणि व्ही लावा आणि शोधायचा मजकूर रिकामा ठेवा. ओळी मोजल्या जातात, झालं. फॉर लूपमध्ये मोजणार असाल तर डिलेड एक्सपान्शन (व्हेरिएबलची किंमत ओळ चालताना वाचणं) लागतं, आणि ते चालू असताना फाइलीच्या नावातलं उद्गारचिन्ह गुपचूप गळतं.

डाउनलोडचा भाग सगळ्यात कच्चा. विंडोजसोबत येणारा जुना, फाइली आणण्या-नेण्याचा एफटीपी प्रोग्रॅम तारखेने गाळतच नाही, फक्त नावाने. फाइलीच्या नावातच आठ आकडी तारीख असेल तर एमगेट (अनेक फाइली एकदम आणणारी त्याची कमांड) आणि तारांकन पुरतं, आणि सर्व्हरवरची नावं ठरवणं आपल्या हातात असेल तर तेच करावं. एसएफटीपी (फाइली आणण्याची सुरक्षित पद्धत) असेल तर विनएससीपी या प्रोग्रॅमला बॅचमधून हाक मारा. त्याच्या फाइल मास्कमध्ये 'एका दिवसापेक्षा नवीन' अशी अट थेट लिहिता येते.

वेबवरून आणायचं असेल तर कर्ल (पत्त्यावरून फाइल उतरवणारी कमांड) विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून सोबतच येतं. त्याला एफ स्विच लावाच, नाहीतर फाइल सर्व्हरवर नसताना चूक सांगणारं वेबपानच त्या नावाने जतन होतं आणि मोजणी मात्र बरोबर दिसते. मोठा आर स्विचही लावा. तो नसेल तर उतरवलेल्या फाइलीवर डाउनलोडच्या क्षणाची तारीख बसते, आणि दुसऱ्या दिवशी तारखेने शोधायला गेलं की सगळा महिना 'कालचा' निघतो. पत्त्यात टक्क्याचं चिन्ह असेल तर बॅचमध्ये ते दोनदा लिहायचं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पूर्ण काम पॉवरशेलमध्येच करायला सांगेन. तिथे तारीख ही तारीखच असते, अक्षरांची माळ नसते. माझी बॅच मात्र मी ठेवणार आहे. पॉवरशेलची स्क्रिप्ट फाइल कित्येक यंत्रांवर एक्झिक्युशन पॉलिसीमुळे (स्क्रिप्ट चालू द्यायची का हे ठरवणारा नियम) अडते, बॅच फाइल डबल क्लिकवर धावते. फक्त पहिल्या ओळीत तिला तिच्याच फोल्डरात जायला सांगा, कारण शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' रिकामं राहिलं तर ती सिस्टम३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात उभी राहून तुमच्या फाइली शोधत बसते.