आधी एस्टिमेट, मग ग्रामसभा: ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीसाठी गावाचं मत कसं घेतलं जातं, त्याचं परीक्षण

ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय आणि त्याला जोडून गावाचं सभागृह उभं राहिलं की फरशी कशी, रंग कसा, पाटी किती मोठी यावर सगळेच बोलतात. इथे परीक्षण आहे ते त्याआधीच्या गोष्टीचं. ही इमारत कुठे, कशी, किती मोठी असावी याबद्दल गावाचं मत घेण्याची जी सोय कायद्याने दिली आहे, ती गावाच्या किती उपयोगी पडते? कायदा म्हणून तिला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात ती जशी वापरली जाते, त्याला दीड. मधल्या अडीच गुणांची गळती बहुतेक एकाच ठिकाणी होते: मत उशिरा विचारलं जातं.

आधी चांगलं काय ते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. वर्षानुवर्षं ठरलेले दिवस म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. विकासकामाला ग्रामसभेची मान्यता लागते. ठराव इतिवृत्तात नोंदला की तो शासकीय दप्तराचा भाग होतो. शहरातल्या रहिवाशाला आपल्या प्रभागातल्या इमारतीबद्दल इतक्या थेटपणे बोलायची हक्काची जागा मिळत नाही. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली, ती पद्धत चांगलीच आहे, पण तिथे आपण सुचवतो. ग्रामसभेत आपण ठरवतो.

आता गळती. कामाचा खरा क्रम असा असतो: जनसुविधा योजना, २५१५ चं लेखाशीर्ष (राज्याच्या अर्थसंकल्पातला गावांच्या विकासकामांचा निधी), आमदार निधी किंवा स्वतःची इमारत नसलेल्या गावांसाठी २०१८ साली आलेली मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना, यापैकी कुठून तरी निधीची चाहूल लागते. बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता, म्हणजे गावाच्या भाषेत जेई साहेब, टाईप प्लॅन, म्हणजे आधीच ठरलेला नमुना नकाशा, काढतात. दरसूचीवरून खर्चाचं अंदाजपत्रक, म्हणजेच एस्टिमेट होतं, तांत्रिक मान्यता मिळते आणि मग ग्रामसभेच्या सूचनेत एक ओळ येते, ‘नवीन ग्रामपंचायत इमारत बांधकामास मंजुरी देणे’. हात वर होतात. इमारत नको असं कोण म्हणणार? त्या वेळी कुणी विचारलं की सभागृह थोडं मोठं का नाही, तर उत्तर एकच असतं: आता बदल केला तर सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मान्यता, आणि मार्चअखेर निधी परत. उत्तर खोटं नसतं. म्हणूनच प्रश्न आधी यायला हवा. एस्टिमेट झाल्यावर घेतलेलं मत म्हणजे पाया भरून झाल्यावर विचारलेली दिशा.

दुसरी गळती गणपूर्तीची. माणसं कमी आली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हजार मतदारांच्या गावाची इमारत मग वीस-पंचवीस जणांत ठरते, तेही नियमात बसवून. महिला सभेचं त्याहून वाईट. ज्या गावात वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, तिथे कागदावर सभा झालेली असते आणि शौचालयाचं दार पुरुषांच्या बाकासमोर उघडणारा नकाशा तसाच पुढे जातो. दवंडी, शाळेतल्या मुलांच्या हाती चिठ्ठी, बचत गटांच्या बैठकीत निरोप आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशाचा फोटो, एवढं केलं तरी उपस्थितीत फरक पडतो. सभेची वेळ हा तर सरळ हिशेब आहे. सकाळी अकराला ठेवली की मजुरीला जाणारा माणूस येणार नाही.

मत घ्यायचं तर विचारायचं काय? ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की यादी येते: जिम, वाचनालय, मंगल कार्यालय, एटीएम. त्या यादीचा जेईंना काही उपयोग होत नाही. मोजता येतील असे प्रश्न हवेत.

पहिला प्रश्न सभागृहाच्या मापाचा, आणि त्याचं उत्तर कायद्यातच आहे. गणपूर्ती १०० ची असेल तर सभागृहात निदान १०० माणसं मावली पाहिजेत. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण साडेसहा चौरस फूट जागा लागते. शंभर जणांना ६५०, पुढचं टेबल आणि जाण्यायेण्याची वाट धरून ८००. म्हणजे २० बाय ४० फूट. नकाशात १५ बाय २० चं सभागृह असेल तर त्यात दाटीवाटीने पंचेचाळीस माणसं बसतील. गावाने स्वतःच्याच ग्रामसभेला न पुरणारी खोली बांधली असा त्याचा अर्थ. पैसे कमी असतील तर सभागृह लहान करण्यापेक्षा सरपंचांची स्वतंत्र केबिन वगळावी आणि पुढे रुंद ओटा घेऊन सभागृहाची दारं ओट्यावर उघडतील अशी ठेवावीत.

दुसरा प्रश्न जोत्याच्या उंचीचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिव्यांगांचा उतार त्यावरच ठरतो. रॅम्पचा उतार १ ला १२ हवा: जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब, दीड फूट असेल तर १८ फूट. रुंदी किमान चार फूट, वर दारासमोर पाच बाय पाचची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. अंदाजपत्रकात ‘रॅम्प १ नग’ एवढंच लिहिलेलं असलं की जागेवर आठ फुटांची घसरगुंडी होते आणि व्हीलचेअर मागून दोघांनी ढकलावी लागते. काही ठिकाणी ती मोटारसायकल वर चढवायला वापरली जाते. उंच जोत्यात शान मानली जाते, पण उंची ठरवायची ती पावसाळ्यात तिथे पाणी कुठवर चढतं त्यावरून. ते गावातल्या म्हाताऱ्यांना जेईंपेक्षा नेमकं माहीत असतं.

तिसरा, किल्लीचा. कार्यालय संध्याकाळी बंद होतं. अभ्यासिका, बचत गट, तरुण मंडळ, भजनी मंडळ यांना सभागृह हवं असतं त्यानंतरच. सभागृहाला वेगळं दार नसेल आणि कार्यालयातूनच वाट असेल, तर दप्तराच्या काळजीपोटी ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) किल्ली कुणालाच देणार नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. वेगळं दार, वेगळा वीज सबमीटर, आणि शौचालय असं की सभागृहातूनही जाता येईल व बाहेरूनही. या तीन गोष्टींचा खर्च नगण्य, पण त्या नसल्या की गावाचं सभागृह वर्षातून चार दिवस उघडतं.

दप्तराची खोली हा एकाही गावकऱ्याच्या तोंडी न येणारा विषय, म्हणून तो मुद्दाम सभेत मांडावा. ग्रामपंचायतीच्या लेखा संहितेप्रमाणे हिशेबाचे नमुना १ ते ३३ ठेवायचे, शिवाय जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या. शौचालयाला लागून असलेल्या भिंतीला कपाट टेकवलं की ओल आणि पाठोपाठ वाळवी. पन्नास वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदीसाठी कुणी येतं तेव्हा पान हातात भुकटी होऊन येतं. दप्तराला आतली, कोरडी भिंत आणि जमिनीपासून अर्धा फूट उंच कडप्प्याची फळी द्यावी.

आवाजाचंही तसंच. चकचकीत फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि सपाट स्लॅब असलेल्या रिकाम्या खोलीत माइक लावला की शब्दावर शब्द चढतो, मागच्या रांगेला ऐकू येत नाही आणि मग मागची रांग आपापसात बोलायला लागते. सभा उधळते ती कित्येकदा भांडणामुळे नव्हे, घुमणाऱ्या आवाजामुळे. मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा पुस्तकांची उघडी कपाटं आणि जमिनीवर सतरंज्या, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

टाईप प्लॅन संपूर्ण राज्यासाठी काढलेला असतो, हे त्याचं बळ आणि तीच त्याची अडचण. कोकणात सपाट स्लॅब काही पावसाळ्यांत गळायला लागतो आणि वर पत्र्याची शेड उभी राहते. मग पहिल्यापासूनच उतरतं छप्पर का नको? विदर्भात पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या खिडक्या दिल्या तर मे महिन्यात दुपारी तिनंतर तिथे बसवत नाही. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत नेला नाही तर भिंतींना तिरप्या भेगा पडतात, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही माहिती गावात आहे. ती कागदावर यायला सभेत वेळ ठेवावा लागतो.

त्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे चुन्याची फक्की. नकाशाचा कागद फार थोड्यांना वाचता येतो, जमिनीवरची रेघ प्रत्येकाला. चुन्याची एक गोणी, सुतळी, खुंट्या आणि पन्नास फुटी टेप घेऊन नियोजित जागेवर पूर्ण मापात इमारत आखावी: भिंती, दारं, खिडक्या, रॅम्प, शौचालय. दाराच्या जागी दोन विटा. रॅम्पच्या वरच्या टोकाला जोत्याच्या उंचीचा खांब रोवून तिथून खाली सुतळी ताणावी, म्हणजे उतार डोळ्यांना दिसतो. मग लोकांनी त्यातून चालावं. आजीबाईंना दाखल्याच्या खिडकीपाशी उभं करावं, रांग कुठवर जाते आणि ती उन्हात येते का ते पाहावं. व्हीलचेअर शौचालयाच्या चौकोनात वळवून बघावी. शंभर माणसं सभागृहाच्या रेघांत बसवावी. तासाभरात जेवढ्या दुरुस्त्या निघतात तेवढ्या तीन ग्रामसभांत निघत नाहीत. जेई साहेबांना त्याच दिवशी बोलवावं आणि आखणी किमान आठवडाभर राहू द्यावी.

जागेचा प्रश्न मात्र एका तासात सुटत नाही. तोंडी दान दिलेली जमीन चालत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि फेरफार हवा, नाहीतर दात्याच्या वारसाची हरकत येते आणि काम जोत्यावर थांबतं. गायरानाकडे बोट दाखवणं सोपं असतं, पण गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या, जगपाल सिंह खटल्यातल्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक जमिनींबाबत प्रशासन अतिशय काटेकोर झालं आहे. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे जागा कुणाच्या आळीत आहे. देवळाच्या आवारात किंवा एका भावकीच्या वाड्यासमोर बांधलेल्या सभागृहात काही वस्त्यांतली माणसं पायरी चढत नाहीत, कुणी अडवलं नाही तरीही. म्हणून जागेची चर्चा एकाच सभेत न करता प्रत्येक वाडी-वस्तीवर जाऊन करावी आणि प्रत्येक ठिकाणचं मत वेगळं नोंदवावं.

पैशाचं गणितही सभेपुढे उघड मांडावं. मंजूर रक्कम २० लाख असेल तर १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर गेल्यावर प्रत्यक्ष बांधकामाला पावणेसतरा-सतरा लाखच उरतात. वीजजोडणी, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, फर्निचर आणि कुंपण अंदाजपत्रकात आहे की नाही, हे पाच शब्द विचारून घ्यावेत. दोन योजनांतून एकच इमारत करायची असेल तर दोन्ही अंदाजपत्रकांत कामाचे भाग स्पष्ट वेगळे हवेत, नाहीतर दुबार खर्चाचा आक्षेप लेखापरीक्षणात येतोच.

हे सगळं जमू शकतं याचे दाखले आहेत. केरळमध्ये १९९६ साली लोकनियोजन मोहिमेत नियोजन निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे गेला, तेव्हा ग्रामसभेत भाषणांऐवजी विषयवार गट पाडून ठरावीक प्रश्नांवर चर्चा होई. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात आधी अभ्यासगट विषय समजून घेतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडत नाही.

राहिला ठराव. ‘इमारतीस सर्वानुमते मंजुरी’ असा ठराव घेऊ नये. त्यात लिहावं: सभागृह आतून २० बाय ४० फूट, जोतं अमुक इंच, रॅम्प १ ला १२, सभागृहाला स्वतंत्र दार व सबमीटर, छप्पर अमुक प्रकारचं, नकाशाची सही केलेली प्रत इतिवृत्ताला जोडली. जी सूचना मान्य झाली नाही तिच्यापुढे एका ओळीत कारण. हा ठराव अंदाजपत्रक करण्याआधी जेईंकडे आवक नोंदवून द्यावा आणि पोच घ्यावी. पुढे काम सुरू झाल्यावर माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) मागता येते, आणि त्या दोन्हींच्या शेजारी ठेवायला गावाकडे स्वतःचा कागद असतो.