दुबार आणि जुन्या पानांसाठी कोणता उपाय निवडावा: ३०१ रिडायरेक्ट, कॅनॉनिकल, नोइंडेक्स की रोबोट्स फाइल?

संकेतस्थळ तीन-चार वर्षे चालले की काही तक्रारी हमखास सुरू होतात. एकाच मजकुराची दोन-तीन पाने गूगलमध्ये दिसू लागतात, मागच्या हंगामाचे पान चालू हंगामाच्या पानावर कुरघोडी करते, किंवा जे पान शोधात येऊ नये असे वाटते तेच नेमके वर येते. अशा वेळी मालकाला चार उपाय सुचवले जातात: जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेणारा ३०१ रिडायरेक्ट, खरे पान कोणते हे सांगणारा कॅनॉनिकल टॅग, पान साठवू नका असे सांगणारा नोइंडेक्स टॅग आणि क्रॉलरला, म्हणजे गूगलसाठी पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, दारातच थांबवणारी रोबोट्स फाइल. यांपैकी कोणताही एक लावला तरी चालेल अशा थाटात हे उपाय सांगितले जातात. वास्तविक त्यांची कामे वेगळी आहेत, आणि चुकीची जोडी एकत्र लावली तर एक उपाय दुसऱ्याला निकामी करतो.

निवड करण्यापूर्वी गूगलच्या कामाचे तीन टप्पे ध्यानात घ्यावे लागतात. आधी क्रॉलर पान वाचतो, मग वाचलेले पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या पानांच्या सूचीत, साठवायचे की नाही हे ठरते, आणि साठवलेल्या पानांतून कोणते आधी दाखवायचे हे शेवटी ठरते. रोबोट्स फाइल फक्त पहिल्या टप्प्यावर चालते. नोइंडेक्स आणि कॅनॉनिकल दुसऱ्या टप्प्यावर चालतात, म्हणजे ते पाळले जाण्यासाठी पान आधी वाचले गेलेले असावे लागते. ३०१ मात्र क्रॉलर आणि वाचक या दोघांनाही सारखाच लागू होतो. चौघांपैकी हा एकच उपाय भेट देणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष जाणवतो.

रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स

सर्वांत जास्त गोंधळ या दोघांत होतो, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. रोबोट्स फाइलची कल्पना मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये मांडली आणि २०२२ मध्ये तिला आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांचा दस्तऐवज) ९३०९ या क्रमांकाने प्रमाणित रूप मिळाले. तिचा हेतू सुरुवातीपासून एकच आहे: क्रॉलरने कोठे जाऊ नये हे सांगणे. पान शोधात दिसू नये, अशी ग्वाही ती देत नाही. एखाद्या पानाला रोबोट्स फाइलमध्ये मनाई केली, पण दुसऱ्या संकेतस्थळांवरून त्याकडे दुवे येत असले, तर गूगल ते पान न वाचताच त्याचा पत्ता इंडेक्समध्ये घेऊ शकते. शोधात मग वर्णन नसलेला नुसता पत्ता दिसतो, आणि सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलचे मोफत साधन) ‘रोबोट्स फाइलने अडवलेले असूनही इंडेक्स झालेले’ अशा अर्थाची नोंद येते.

ही नोंद पाहून अनेक मालक त्या पानावर नोइंडेक्स टॅग लावतात आणि रोबोट्स फाइलमधली मनाई तशीच ठेवतात. दुहेरी कुलूप म्हणजे दुहेरी सुरक्षितता असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात नोइंडेक्स टॅग पानाच्या आत असतो, पान वाचण्याला मनाई असते, आणि त्यामुळे तो टॅग क्रॉलरपर्यंत कधीच पोहोचत नाही. योग्य क्रम उलटा आहे. आधी रोबोट्स फाइलमधली मनाई काढावी, पानावर नोइंडेक्स ठेवावा आणि क्रॉलर पुन्हा येऊन जाईपर्यंत थांबावे. रोबोट्स फाइलची प्रत गूगल साधारण २४ तास जवळ ठेवते, त्यामुळे बदल केल्या केल्या परिणाम दिसत नाही म्हणून घाबरून दुसरा बदल करू नये. पूर्वी काही जण रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहीत असत. गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून ती मानणे बंद केले आहे, तरीही जुन्या सल्ल्यांतून ती अजून उचलली जाते.

मग रोबोट्स फाइल वापरावी केव्हा? दुकानाच्या संकेतस्थळावर रंग, माप, किंमत अशा गाळण्यांतून (फिल्टर) हजारो पत्ते तयार होत असतील, किंवा कॅलेंडरची पाने पुढच्या शंभर वर्षांपर्यंत उघडत जात असतील, तर क्रॉलरचा वेळ वाचवण्यासाठी ती जरूर वापरावी. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार क्रॉलच्या मर्यादेची, म्हणजे क्रॉलर आपली किती पाने वाचेल याची, काळजी प्रामुख्याने दहा लाखांहून अधिक पाने असलेल्या, किंवा दहा हजारांहून अधिक पाने असून ती रोज बदलणाऱ्या संकेतस्थळांनी करायची असते. दोन-तीनशे पानांच्या संकेतस्थळाला ‘क्रॉल बजेट’ वाचवण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रोबोट्स फाइल कोणालाही उघडून वाचता येते, हेही विसरू नये. ग्राहकांची यादी किंवा हिशेबाचा फोल्डर तिच्यात लिहिला तर तो लपत नाही, उलट त्याचा पत्ता जाहीर होतो. खासगी गोष्टींना पासवर्डच हवा, तेथे या चारपैकी एकही उपाय कामाचा नाही.

नोइंडेक्सची सर्वांत महाग पडणारी चूक मात्र साधी असते. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीत वाचनाच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची एक चौकट आहे. संकेतस्थळ तयार होत असताना तिच्यावर खूण केली जाते आणि उद्घाटनानंतर ती काढायची राहून जाते. २०१९ मधल्या ५.३ या आवृत्तीपासून ही खूण प्रत्येक पानावर नोइंडेक्स टॅग लावते. संकेतस्थळ नवे करून घेतल्यावर पाने एकामागोमाग एक शोधातून नाहीशी होऊ लागली, तर इतर काहीही तपासण्याआधी ही चौकट पाहावी. खात्रीसाठी सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाकावा. इंडेक्सला परवानगी आहे का, या ओळीपुढे नकार आणि त्याचे कारण म्हणून नोइंडेक्स टॅग दिसला की निदान झाले.

३०१ आणि कॅनॉनिकल

येथे कसोटी एका प्रश्नाची आहे: जुना पत्ता वाचकाला यापुढे हवा आहे का? नको असेल तर ३०१, हवा असेल तर कॅनॉनिकल.

देवगड हापूस घरपोच देणाऱ्या एखाद्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. दरवर्षी तो नवे पान करतो आणि पत्त्यात वर्ष घालतो. चौथ्या वर्षी गूगलमध्ये चार पाने होतात, त्यांतल्या सर्वांत जुन्या पानाला सर्वाधिक दुवे मिळालेले असतात, आणि ग्राहक तेथे तीन वर्षांपूर्वीचा पेटीचा भाव वाचून फोन करतात. या बागायतदाराने वर्ष नसलेला एक कायमचा पत्ता ठरवावा, दर हंगामात त्याच पानावरचा भाव बदलावा आणि जुन्या चारही पत्त्यांवरून थेट त्या पानावर ३०१ लावावा. कॅनॉनिकल येथे अपुरा आहे, कारण जुना दुवा ज्याच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून आहे त्या ग्राहकाला तो जुन्याच भावावर नेत राहील. हंगाम संपल्यावर पान काढून टाकण्याचीही गरज नसते. पुढच्या हंगामाची नोंदणी केव्हा सुरू होईल एवढे त्यावर लिहिले तरी पान उपयोगाचे राहते.

दिवाळी अंकाच्या संकेतस्थळाला मात्र हाच सल्ला घातक ठरेल. २०२१ च्या अंकाची अनुक्रमणिका शोधणारा वाचक त्याच अंकासाठी आलेला असतो. त्याला यंदाच्या अंकावर नेले तर त्याचीही निराशा होते आणि जुन्या लेखांची शोधातली जागाही जाते. पत्त्यात वर्ष आहे म्हणून पान जुने झाले असे मानू नये.

कॅनॉनिकल टॅग गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये आणला तो अशा पत्त्यांसाठी, जे चालू राहणे भाग आहे पण ज्यांवरचा मजकूर एकच आहे. जाहिरातीच्या मोजणीसाठी पत्त्याच्या शेवटी जोडलेल्या खुणा, फेसबुकवरून येताना चिकटणारी शेपटी, छपाईसाठीचे वेगळे पान, एकाच वस्तूचे दोन विभागांत दिसणारे पान, या सर्वांसाठी तोच योग्य आहे. तो हुकूम नसून सूचना आहे, एवढे पक्के लक्षात ठेवावे. दोन पानांचा मजकूर पुरेसा सारखा नसेल, किंवा साइटमॅप (गूगलला दिलेली पानांची यादी) आणि आतले दुवे भलत्याच पत्त्याकडे बोट दाखवत असतील, तर गूगल आपल्या मताने दुसरे पान निवडते. सर्च कन्सोलमध्ये आपण सांगितलेले आणि गूगलने निवडलेले अशी दोन्ही कॅनॉनिकल दिसतात. ती वेगळी असतील तर टॅगमध्ये खटपट करण्यापेक्षा आधी आतले दुवे सुधारावेत. लेखांच्या यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानाचे कॅनॉनिकल पहिल्या पानाला देणे हीही चूकच आहे, कारण त्या पानांवरची यादी वेगळी असते. एकाच पानावर नोइंडेक्स आणि दुसऱ्या पानाकडे जाणारे कॅनॉनिकल असे दोन्ही ठेवू नये. त्यातून परस्परविरोधी सूचना जातात.

३०१ बाबतही दोन पथ्ये आहेत. बंद झालेल्या सगळ्या पानांना सरसकट मुखपृष्ठावर नेऊ नये, कारण गूगल असे रिडायरेक्ट बहुधा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे नसल्यातच जमा असलेले पान, धरते आणि जुन्या पानाची पत नव्याला मिळत नाही. जवळचे पर्यायी पान नसेल तर ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान कायमचे काढले) हा संकेत देऊन ते पान सरळ जाऊ द्यावे. आणि एका रिडायरेक्टवरून दुसऱ्यावर अशी साखळी करू नये. क्रॉलर दहा उड्यांपर्यंत तिच्या मागोमाग जातो, तरी प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर न्यावा. रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत असे गूगल सांगते. मी तर म्हणेन की डोमेन आपल्याकडे आहे तोवर ते काढूच नयेत.

देवनागरी पत्त्यांची अडचण

मराठी संकेतस्थळांवर दुबार पत्त्यांचे एक खास कारण आढळते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या लिपी-संकेतनामध्ये तीन बाइटचे असते आणि पत्त्यात त्याचे नऊ अक्षरी सांकेतिक रूप होते. वर्डप्रेस पत्त्याच्या शेवटच्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा घालते, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे त्यात मावतात. ‘महाराष्ट्रातील ऐतिहासिक किल्ले’ अशी सुरुवात असलेल्या लेखमालेत किल्ल्याचे नाव येण्याआधीच पत्ता तुटतो, आणि पुढचे सगळे लेख तोच पत्ता आणि शेवटी दोन, तीन, चार असे आकडे घेऊन उभे राहतात. देवनागरी पत्ता गूगलला चालत नाही हा समज खोटा आहे, तो नीट वाचला जातो. तरीही लांब शीर्षकांसाठी मी छोटा, हाताने लिहिलेला पत्ता सुचवेन, मग तो देवनागरीत असो वा रोमन लिपीत.

जुने पत्ते बदलताना वर्डप्रेस प्रकाशित लेखांचा जुना पत्ता लक्षात ठेवून आपोआप नव्याकडे नेते. ‘पेज’ प्रकारच्या पानांना मात्र ही सोय नाही, त्यांचे ३०१ हाताने लावावे लागतात. जे लेख चांगले वाचले जात आहेत त्यांचे पत्ते केवळ दिसायला नीटनेटके व्हावेत म्हणून बदलू नयेत.

कोणताही उपाय केल्यावर काही दिवस ते काही आठवडे वाट पाहावी लागते. घाई असेल तर सर्च कन्सोलमधले पान हटवण्याचे साधन आहे, पण ते सुमारे सहा महिन्यांपुरतेच पान झाकते, त्यामुळे त्या मुदतीत नोइंडेक्स किंवा ४१० हा कायमचा उपाय करावाच लागतो.

सर्च कन्सोलमधली एक नोंद अशी आहे जिच्यावर या चौघांपैकी कोणीही सहसा चालत नाही: ‘क्रॉल झाले, सध्या इंडेक्स नाही’. येथे क्रॉलर आला, त्याने पान वाचले आणि ते न साठवण्याचे गूगलने ठरवले. अशा पानावर टॅग बदलत बसण्याऐवजी ते पान उघडून वाचावे. दहा गावांच्या नावांपुढे तोच परिच्छेद चिकटवून दहा पाने केली असतील, तर त्यांचे एक भरीव पान करावे, त्यात प्रत्येक गावाला माल कोणत्या वारी पोहोचतो आणि वाहतुकीचा खर्च किती येतो हे लिहावे, आणि उरलेल्या नऊ पत्त्यांवरून त्या पानावर ३०१ लावावा.